खळ्यावरचा जामीन

"पसर पदर," पाटील म्हणाला.

माझ्या मायनं पदर पसरला. भर दुपारी, खळ्यावर, सगळ्या गावासमोर. पाटलाच्या गड्यानं टोपलीभर मातेरं आणलं आणि तिच्या पदरात ओतलं. मातेरं म्हणजे ज्वारी उपणून, मापून, पोत्यात भरून झाली की जमिनीवर जे उरतं ते. थोडे दाणे, बाकी माती, खडे, बैलांचं शेण. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या ते झाडून घरी नेत, धुऊन पाखडून त्याची भाकर करत. आणि ते घेताना दोन शब्द म्हणावे लागत.

"म्हन," पाटील म्हणाला. "इसरली काय?"

"जोहार मायबाप," माय म्हणाली.

मी तिच्या मागंच उभी होते. अंगावर पांढरं पातळ, पायात चपला. मी अकोल्याच्या एका शाळेत मास्तरीण होते, पोरांना ताठ उभं राहायला शिकवत होते. आणि माझी माय वाकली होती. पाटील खाटेवर बसला होता. त्याच्या मांडीवर एक कागद होता. तो कागद माझा होता.

माझा नवरा रेल्वेत फिटर होता. लग्नानंतर लवकरच तो विलायतेला गेला, तिथल्या लोखंडाच्या कारखान्यात लागला. राहायला खोली घेतली आणि मला बोलावलं. मला वाटलं होतं, पासपोर्ट काढायचा आणि बोटीत बसायचं. अकोल्याच्या कचेरीतल्या बाबूनं डोळे उघडले. तिकडं बायको निराधार झाली तर तिला परत आणायचा खर्च कोण देणार? इथला कुणी ऐपतदार माणूस जामीन पाहिजे. त्याच्या नावावर जमीन पाहिजे, तहसिलीतून त्याच्या ऐपतीचा दाखला पाहिजे. मग सही. मग पुढचं.

मी नवऱ्याची कमाई सांगितली. तो म्हणाला, तिकडचं तिकडं. मी माझा पगार सांगितला. तो म्हणाला, पगार आज आहे, उद्या नाही.

"माझ्या आईची सही चालेल?"

"न चालायला काय झालं? आईच्या नावावर शेत आहे?"

उत्तर त्याला माहीत होतं. मी तोंड उघडायच्या आत त्यानं दुसऱ्याची फाईल ओढली.

आमच्या वस्तीत कुणाच्याच नावावर जमीन नव्हती. तेल्हाऱ्याकडची काळीभोर जमीन, तिच्यात आमच्या बाया जन्मभर वाकून कापूस वेचत आलेल्या, पण कागदावर आम्ही कुठंच नव्हतो. म्हणून ज्यांची नावं कागदावर होती त्यांच्या दारात गेले. अमरावतीला एक वकील होते, सभांमध्ये समतेवर फार छान बोलायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, जामीन राहणं माझ्या तत्त्वात बसत नाही. चहा चांगला होता.

शेवटी मायनंच पाटलाचं नाव काढलं. "आपल्या हातचा कापूस त्याच्या घरात गेला हाय," ती म्हणाली. "नाई म्हननार नाई तो." आणि खरंच, तो नाही म्हणाला नाही. खळं उठायच्या दिवशी ये म्हणाला, मायले घेऊन ये. त्याचा अर्थ मायला कळला होता. मला तिनं सांगितला नाही.

नागपूरला दीक्षा झाली त्यानंतर आमच्या वस्तीनं तीन गोष्टी सोडल्या होत्या. मेलेली ढोरं ओढणं सोडलं. घरातले देव नदीत सोडले. आणि खळ्यावर जाणं सोडलं. त्या वर्षी मातेरं तसंच पडून राहिलं, कोंबड्यांनी उकरून खाल्लं. ढोरांचं पाटलानं गिळलं, देवांचं त्याला देणंघेणं नव्हतं, पण खळ्याचं त्याच्या जिव्हारी लागलं. धान्याला त्याच्याकडं तोटा नव्हता. त्याला पसरलेला पदर बघायची सवय होती, आणि ती आम्ही मोडली होती.

तर मायनं जोहार घातला आणि पाटलानं सही केली. सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी. मग तो आमच्या वस्तीतल्या माणसांकडं वळला. ते रोजानं पोती उचलायला आले होते.

"पाह्यलं काय रे? बुद्ध झाले म्हने. याइच्या मास्तरनीले विलायतेले जायाचं तं माह्या खळ्यावर या लागते. पुढच्या खळ्याले समदे येजा. बाया घेऊन येजा."

मग त्यानं मला कागद दिला. हातात नाही. हाताला हात लागू नये म्हणून वरून सोडला. कागद मायच्या पदरात, मातेऱ्यावर पडला.

"घे उचलून," तो म्हणाला.

"घे वो बाई," माय हळूच म्हणाली. "तुह्या संसाराचं हाय."

मी उचलला. त्यावरची माती झटकली, सही वाचली. वाचता वाचता डोक्यात लख्ख झालं. ही सही मला दिलेली नव्हती. हिच्या बदल्यात हा माणूस सगळी वस्ती विकत घेत होता. मी बोटीत बसून निघून जाईन, आणि पुढच्या वर्षी माझ्या मावश्या, माझ्या भावजया, माझ्या वर्गात बसतील अशा पोरी इथं रांगेनं उभ्या राहतील. मी कागद फाडला. आडवा फाडला, उभा फाडला.  रागानं फाडला असं म्हणायला बरं वाटेल, पण भीतीही होती.

"माय, सोड पदर."

ती सोडेना. मुठी घट्ट झाल्या होत्या. मी तिची बोटं उकलली. सगळं मातेरं पाटलाच्या पायांवर पडलं, त्याच्या नव्या कोऱ्या जोड्यांवर. 

"आता कोन देते तुले सही, पाह्यतो मी," पाटील म्हणाला.

"पाहा," मी म्हणाले.

 घरी आल्यावर मायनं माझ्या थोबाडीत मारली. "माहा जोहार वाया घालवला तुनं," म्हणाली आणि भिंतीला टेकून रडत बसली. तिचं चुकलं नव्हतं. मोल तिनं दिलं होतं आणि माल मी फेकून दिला होता. मग ती उठली, लुगडं धुतलं. पुन्हा पुन्हा धुतलं.

सकाळी वेचणीला जायच्या वेळी बाया वस्तीच्या निंबाखाली जमतात. माय सगळ्यांच्या आधी जाऊन वाटेत आडवी बसली. "पाटलाच्या वावरात मी जात नाई," म्हणाली. "ज्याले जायाचं त्यानं माह्या अंगावरून जा." कुणी गेलं नाही. काल खळ्यावर काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं, पण नकार मायच्या तोंडून आला आणि बाया तिच्या शेजारी बसल्या.

दुसरी वेचणी तोंडावर होती. बोंडं फुटली होती. कापूस थांबत नाही. वेळेवर वेचला नाही तर झाडावर लोंबतो, गळतो, त्यात काडीकचरा शिरतो, पिवळा पडतो. आमच्याकडं त्याला कवडी म्हणतात आणि सरकी काढायच्या जिनात त्याला कुणी विचारत नाही. पाटलानं शेजारच्या गावाहून बाया आणवल्या. मी आदल्या संध्याकाळीच तिथल्या वस्तीत जाऊन आले होते. त्या बैलबंडीतून उतरल्या, शेताकडं एकदा पाहिलं आणि पायी घरी परत गेल्या.

आमच्या चुलीही थंड पडल्या. त्याची झळ बायांना बसली, मी तर पगारी होते. पगारातलं जमेल तेवढं वाटलं, पुरलं नाही. पण एकीनंही मला बोल लावला नाही. रविवारी मी गावी यायची आणि पाटलाच्या वावराच्या कडेनं मुद्दाम चालत जायची. कापूस मातीत लोळताना पाहून मला आनंद व्हायचा. तो लपवायचं मला काही कारण नाही. वर्षानुवर्षं पाटलाच्या ज्या ऐपतीपुढं तहसीलदार खुर्ची पुढं सरकवत होता, ती ऐपत आमच्या बायांच्या बोटांतून त्याच्या घरात जात होती. मला जामीन पाहिजे होता, आणि त्याचा जामीन आम्ही होतो.

मग एका रविवारी पाटील स्वतः वस्तीत आला. पहिल्यांदाच आला असेल. निंबाखाली उभा राहिला. सावलीतही त्याला घाम फुटला होता.

"नवा कागद आनला," तो म्हणाला. "सही केली हाय. खळ्यावर याची गरज नाई. बायाइले वावरात धाड."

त्याच आठवड्यात नवऱ्याचं पत्र आलं होतं. तू केलंस ते बरोबर केलंस, असं होतं. पण मी किती दिवस असा एकटा राहू, असंही होतं. मला तो कागद पाहिजे होता. खोटं कशाला बोलू? मला माझं घर पाहिजे होतं, माझा माणूस पाहिजे होता, मूल पाहिजे होतं. हात पुढं करायचा अवकाश होता.

माय घरातून बाहेर आली. तिच्या हातातल्या सुपात पाटलाच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून गोळा केलेली कवडी होती, काडीकचऱ्यासकट.  माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"पाटील," मी म्हणाले, "उपरनं पसरा."

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही.

"पसरा. अन्‌ म्हना. शब्द तुमाले पाठ हाय."

त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. कागदाची घडी घालून त्यानं खिशात टाकली, बाजूला थुंकला आणि गेला. मायनं सूप त्याच्या मागं वाटेवर उलटं केलं. त्या हंगामात तिसऱ्या वेचणीलाही त्याला माणूस मिळालं नाही.

ते होऊन आता काही वर्षं झाली. दुसरा जामीन मिळाला नाही; मी अजून अकोल्यालाच आहे, नवरा तिकडंच आहे. पाटलाचा मुलगा अमरावतीला घर बांधतो आहे, त्यासाठी बापानं गावालगतचं शेत विकायला काढलं आहे. खळं त्याच शेतात आहे. दलालाला त्यानं बजावलं आहे, कुणालाही दे, त्या वस्तीतल्यांना देऊ नको. दलालानंच मला सांगितलं. नवरा आता तिकिटाचे पैसे साठवत नाही, शेताचे पाठवतो.

शेत मायच्या नावावर घेणार. मी तिला विचारलं नाही, सांगितलं. "मी काय करू वो वावराचं?" ती म्हणाली. मी म्हणाले, तू माझी जामीन राहशील. त्या दिवसापासून ती माझ्यापाशी पाटीवर आपलं नाव गिरवते. अंगठा लावणार नाही म्हणते.

पाटील देणार नाही म्हणतो. तो नाही तर त्याचा मुलगा देईल. मुलगा नाही तर नातू. मी तरुण उरले नाही, तिकडं जाईन तेव्हा केस पांढरे झालेले असतील, कदाचित मूल होणार नाही. चालेल. तहसीलदाराचा माणूस ऐपत पाहायला येईल तेव्हा खाट त्याच खळ्यावर टाकणार. खाटेवर माय बसेल. पाटलाला मी स्वतः जाऊन बोलावीन, आणि माय सही करेपर्यंत त्याला उभं ठेवीन.