काकी नदीत हसली तो दिवस

प्रवीणला जाऊन आज एक वर्ष झालं. आणि या वर्षातला माझा सगळ्यात आनंदाचा दिवस तो गेल्यानंतर महिन्याच्या आतच आला.

सकाळी सव्वासहापासून हे एक वाक्य लिहून खोडतोय. फर्स्ट शिफ्टला रजा टाकलीय. वरसे गावातल्या माझ्या खोलीत एकटाच आहे. दुपारी त्याच्या घरी वर्षश्राद्धाला जायचंय. त्याआधीच हे फेसबुकवर टाकतोय, नंतर हिंमत होणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. प्रवीण कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग गाइड होता. माझा शाळेपासूनचा दोस्त. कावीळ झाली, साधी वाटली, आणि आठवड्यात सगळं संपलं.

कुंडलिकेवरचं राफ्टिंग धरणाचं पाणी सोडलं तरच होतं.
"आपली नदी पण कंपनीत लागलीय," तो म्हणायचा. "रोज फर्स्ट शिफ्ट."

त्याला एकदा पावसाची नदी बघायची होती. कोणी न सोडता स्वतःहून येणारी.
म्हणून कर्नाटकातलं कोडगू, म्हणजे कूर्ग ठरलं. कॉफीचे डोंगर, जंगलातला ट्रेक, आणि फक्त पावसाळ्यात चालणारं राफ्टिंग.

तिकिटं मी काढली. होमस्टे मी बुक केला. आधार कार्डांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, औषधं दुसऱ्या पिशवीत.
"तू निघालास की सहल वाटत नाय रं," प्रवीण म्हणाला. "बदली वाटते."

मग तोच गेला.

बारावं झाल्यावर मी काकीकडे गेलो. काकी म्हणजे त्याची आई. भाताची लावणी आटपली होती. ती पडवीत बसली होती.
म्हटलं, "काकी, तिकिटं रद्द करतो."
"कशाला? मी येते त्याच्या जाग्यावर."
"लोक काय म्हणतील?"
"लोकांचं तिकीट हाय काय? नाय ना?"

रेल्वेचं तिकीट घरच्या माणसाच्या नावावर करून मिळतं. मी अर्ज भरला. 'नाते' या शब्दापुढे 'आई' लिहिलं आणि बराच वेळ खिडकीशी तसाच उभा राहिलो. मागचा माणूस ओरडला तेव्हा बाजूला झालो.

आमच्याकडे दुःख झालेल्या घरात वर्षभर सण नाही, गोडधोड नाही. फिरायला जाणं तर लांबच.
निघताना शेजाऱ्यांनी विचारलं, कुठे?
काकी काही बोलायच्या आत मी म्हणालो, "देवाला."

ते खोटं माझं होतं. तिचं नाही. हे नीट वाचा.

कोडगूत पाऊस थांबतच नव्हता. कॉफीच्या बागेत फिरताना पायाला जळवा लागायच्या. आमच्याच होमस्टेतल्या पुण्याच्या दोन मुली किंचाळत होत्या. काकीने कमरेची मशेरीची डबी काढली.
"पाय पुढं करा गो." सगळ्यांच्या घोट्यांना मशेरी चोळली. दुसऱ्या दिवशी सकाळी होमस्टेचा मालकसुद्धा पाय पुढे करून रांगेत.

कॉफी तिने एक घोट घेतली.
"काढा हाय ह्यो." पण पेला पूर्ण संपवला.

मग राफ्टिंग. कोलाडला एवढी वर्षं नदी जवळ असून ती कधी राफ्टमध्ये बसली नव्हती. म्हणायची, पोराच्या कामावर आईने जाऊ नये.

तिथला गाइड इंग्रजीत ओरडायचा. फॉरवर्ड. बॅक. होल्ड ऑन.
आम्ही एकमेकांकडे बघेपर्यंत काकीचं वल्हं पाण्यात.
प्रवीणला नवीन काम लागलं तेव्हा तो पडवीत सराव करायचा. काकीला बाकड्यावर बसवायचा, हातात केरसुणी द्यायचा आणि हेच शब्द ओरडायचा. त्याचं पहिलं गिऱ्हाईक तीच.

मोठ्या उतारावर गाइड ओरडला, "गेट डाऊन!"
मी भीतीने ताठ झालो. काकीने माझी मान धरून खाली दाबली.
"गेट डाऊन बोलतोय ना तो, मेल्या!"

राफ्ट आपटली, पाण्याखाली गेली, वर आली.
आणि काकी हसायला लागली. पोट धरून. पदर कुठे, केस कुठे. मीही हसत सुटलो.

त्या वेळी मला प्रवीणची आठवण आली नाही. एकदाही नाही. याची लाज मला अजून वाटते.

राफ्टिंगवाल्यांनी आमचा व्हिडिओ त्यांच्या पेजवर टाकला. आम्ही घरी पोचायच्या आधी तो इकडे रोह्यात पोचला.

काकीची मोठी जाऊ दारात आली.
"देवाला गेलीस ना गो? कुठला देव तो, होडीतला? पोरगा जाऊन महिना नाय झाला!"

मी पडवीत उभा होतो. 'देवाला' हा शब्द माझा, हे काकीला माहीत होतं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळं ऐकून घेतलं.
मी चप्पल उचलली आणि मागच्या दाराने निघून आलो.

तेव्हापासून काकी भजनाला गेली नाही. कोणाच्या हळदीला नाही, बारशाला नाही. देवाचं नाव घेऊन मजा मारून आली, असं वर्षभर तिच्यामागे बोललं गेलं. मी गप्प.

काल श्राद्धाचं सामान पोचवायला गेलो. तिने विचारलं, "तो व्हिडिओ हाय का अजून?"
दाखवला.
"आवाज मोठा कर."
तीनदा पाहिला.
मी विचारलं, "काकी, लाज नाय वाटत?"
"मला कशाला वाटंल? पोरानं शिकवलं तसं केलं." मग फोन माझ्या हातात देत म्हणाली, "तुला वाटते. तुझं तू बघ."

तर बघतोय.

खोटं मी बोललो. तिला नेलं मी. ऐन वेळी पळालो मी.
दुपारी जेवायला याल तेव्हा कोणाला काही बोलायचं असेल तर आधी मला बोला. पंगतीत वाढायला मीच आहे.

प्रवीण, तुझी नदी पाहिली. स्वतःहून येते.
तुला नमस्कार करायला येतोय. आज पुढच्या दाराने.