पिल्लू बाहेर आलंय, भरवायचं काय?

मंडळी, पक्ष्यांतलं कुणाला कळत असेल तर आत्ता लगेच लिहा.

पिपलानी वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरच्या खिडकीतला कूलर काढताना मागचं कबुतराचं घरटं पडलं. एकच अंडं वाचलं. मादी पुन्हा फिरकली नाही. सासूबाई गेल्यापासून गप्प झालेले माझे सासरे, आबा, म्हणाले, "आपण उबवू." बुटांच्या खोक्यात कापूस घातला, वर बल्ब लावला. आबा दिवसभर खोक्याशेजारी बसायचे, अंडं हलक्या हाताने फिरवायचे.

आज सकाळी अंड्याला तडा गेला. इवलीशी चोच दिसली आणि मग हालचालच थांबली.

"बेटा, थोडं सोलू का?" आबांनी विचारलं. मी अडवलं. दुपारी पिल्लू स्वतःच बाहेर आलं, ओलं, डोळे मिटलेलं. आबा रडायलाच लागले.

आता पिल्लू चोच उघडतंय आणि आमच्याकडे द्यायला काही नाही. शेजारच्या भाभी म्हणतात, "दूध मत देना, मर जाएगा." कबुतरं पिल्लांना स्वतःच्या गळ्यातलं काहीतरी भरवतात म्हणे. ते मी कुठून आणू? जनावरांच्या डॉक्टरांचा फोन लागत नाही. पिल्लाची मान एका बाजूला पडतेय.

आबा त्याच्यावर ओंजळ धरून बसलेत. कुणी सांगेल का, काय भरवू?