परातीतला पाय

मॅडमनी आधी हातात प्लास्टिकचे मोजे घातले, मग माझा पाय परातीत घेतला.

लातूरजवळचा हा वृद्धाश्रम. मॅडमचा शहरात मोठा कोचिंग क्लास आहे. दरवर्षी त्या इथं येऊन म्हाताऱ्यांची पाद्यपूजा करतात. त्या दिवशीचं जेवण त्यांचं. पण आधी पूजा, मग जेवण. सकाळीच व्यवस्थापक सरांनी आम्हा बायांना नळावर बसवून घासणीनं पाय घासायला लावले होते. मॅडमना घाण लागू नये म्हणून.

पाणी ओतलं. कुंकू लावलं. मग मॅडमनी मोजे काढले आणि माझ्या पायावर हात धरला. फोटो निघाला. हात टेकला नव्हता. मला कळतं, पाय माझा होता.

त्यांच्या माणसानं माझ्या तोंडापुढं मोबाईल धरला.

"आजी, सांगा, पोरानं घरातून काढलं."

"मला पोरगा न्हाई."

"मग सुनेनं?"

शेजारची गयाबाई म्हणाली, "आवं, पोरगाच न्हाई तर सून काय बाजारातून आणावी का तिनं?"

बाया हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "मग मुलीनं टाकलं असं सांगा. थोडं रडा. लोक बघतात, मदत येते."

माझी एकच लेक, अहमदपूरला दिलेली. तिनं मला टाकलं नाही. लेकीच्या सासरी आईनं राहायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. राहिलं तर लेकीला उठताबसता बोलणी. म्हणून मी माझ्या पायानं इथं आले. ती रविवारी एसटीनं येते, सासूला बाजाराचं सांगून. तेवढंच माझं माणूस.

मागच्या वर्षी गयाबाईनं असंच, पोरानं टाकलं म्हणून, बोलून दिलं होतं. उमरीला तिच्या पोरानं ते मोबाईलवर पाहिलं. गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस, म्हणाला. पुन्हा आला नाही.

सर कानाशी आले. "मावशी, बोला की. तुमच्यापायी समदे उपाशी बसलेत."

खरंच बसले होते. पत्रावळ्या मांडलेल्या, भात निवून गेलेला. सगळे माझ्याकडं बघत होते. दोन शब्दांचं काम. बोलावं आणि सुटावं, असं वाटलं.

मग लेकीचं तोंड आठवलं. मी परातीतून पाय काढला. मॅडमच्या साडीवर पाणी सांडलं.

"माझ्या लेकीनं मला टाकलं न्हाई. मी खोटं बोलणार न्हाई."

"हिला उठवा," मॅडम सरांना म्हणाल्या. "दुसरी बसवा."

मघाशी मी आजी होते.

दुसरी बसली. ती रडली. पंगत उठली. जाणाऱ्या गाडीला सरांनी हात जोडले आणि मागं वळून मला म्हणाले, "तुझी रविवारची भेट बंद. लई तोंड सुटलंय."

गेटला कुलूप असतं, किल्ली सरांच्या खिशात. मला जायला दुसरं घर नाही, हे त्यांना ठाऊक आहे. इथंच राहायचं, यांचंच खायचं. ते मला चुकणार नाही.

पण रविवारी लेक येईल. तुझी आई भेटायला नको म्हणते, असं सांगून तिला गेटवरून परत धाडतील. जन्मात मी कुणाला मोठ्यानं हाक मारली नाही, नवऱ्यालाही नाही. या रविवारी मारणार आहे. अंगणात उभी राहून, तिच्या नावानं, घसा फाटेस्तोवर. आणि ओरडूनच सांगणार, भेट मी नाही बंद केली, यांनी केली.