न खाल्लेल्या येसराची तारीफ

कडीचा डबा माझ्या समोरून निघाला, सगळ्या पंगतीतून फिरला आणि परत माझ्याच समोर येऊन बसला. झाकण उघडं होतं. आत येसराची आमटी घरून आणली तशीच होती. वरच्या तेलाच्या थराला पळीसुद्धा लागली नव्हती.

जालन्यात सरांच्या गच्चीवर आम्ही गोल बसलो होतो. जिल्ह्यातल्या ब्लॉग लिहिणाऱ्यांचा मेळावा होता, तो या सरांनीच बोलावला होता. त्यात कविता लिहिणारे होते, फोटो काढणारे होते, जाहिरातींचं डिझाइन करणारा एकजण होता. अंगतपंगत ठरली होती. ज्यानं त्यानं घरून डबा आणायचा आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. मी काय आणायचं ते मी ठरवलं नव्हतं. त्यांनीच ठरवलं होतं. माझ्या ब्लॉगवर येसराबद्दल वाचल्यापासून सगळे मागं लागले होते की ताई, तुम्ही फक्त येसर आणा, बाकी काही नको.

डबा डिझाइनवाल्याकडं गेला. तो म्हणाला, ॲसिडिटी आहे ताई. त्याच्या पुढचा मोबाइलवर बोलायला उठला, डबा पुढं सरकेपर्यंत बोलत राहिला. सर म्हणाले, मी शेवटी घेतो. मग डबा माझ्या शेजारी बसलेल्या मंदाकडं आला. मंदानं तो दोन्ही हातांनी नीट उचलला आणि माझ्यासमोर ठेवला.

"मला तिखट चालत न्हाई गं. पोटात आग होती."

तिच्या ताटात हिरव्या मिरचीचा ठेचा होता. अर्धा खाल्लेला.

ही दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान. लग्नाच्या पत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, निवडणुकीची पत्रकं. गावातल्या सगळ्या जातींच्या पत्रिका मी करते, वर ज्याचा जो देव असेल तो टाकते. मालक वारले तेव्हा मुलगा लहान होता. तो मोठा होऊन शिकायला पुण्याला गेला आणि मी एकटी उरले. दिवसभर माणसं येत-जात. पण त्यांचं बोलणं काय, तर किती प्रती, पाठपोट का एका बाजूनं, मुहूर्त किती वाजून किती मिनिटांचा. दुकान बंद करायच्या वेळेला माझ्या लक्षात यायचं की आज आपण काहीच बोललो नाही.

नेट आलं तेव्हा मी ब्लॉग उघडला. मराठी टाइप करणं माझ्या हाताचं कामच होतं. जे दिसायचं ते लिहायचे. बसमधल्या बायकांची भांडणं. पत्रिकेत मामाचं नाव राहिलं म्हणून मोडता मोडता वाचलेलं लग्न. आणि येसर. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि मसाला भाजून दळून ठेवायचा, लागेल तेव्हा फोडणी देऊन त्याची आमटी करायची, हे आमच्याकडं घरोघरी आहे. पण त्या भाजणीचा वास आई कशी ओळखायची, आता उतरव म्हणून कशी सांगायची, ते मी लिहिलं. खाली फक्त पहिलं नाव. सगळेच तसं करत. कोणी टोपणनाव घ्यायचं, कोणी गावाचं नाव लावायचं. कोणी कोणाला आडनाव विचारत नसे, आणि मला वाटलं, इथं ते लागतच नाही.

मंदा घनसावंगीची. शाळेत बाई होती, बागेबद्दल लिहायची. आमची ओळख फक्त अक्षरांतली. पण संध्याकाळी मी शटर अर्धं ओढून बसले की तिचं काहीतरी आलेलं असायचं. जेवलीस का. आज दमलीस का. पोराचा फोन आला का. येसर वाचून तिनं लिहिलं होतं, तुझ्या घरी येऊन चुलीपुढं बसून खाणार. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. ज्या बाईला कोणी विचारत नाही तिला एवढं पुरतं.

म्हणून मी गेले. वडीगोद्रीहून अंबड, अंबडहून जालना. डबा मांडीवर धरून, सांडू नये म्हणून प्रत्येक खड्ड्याला वर उचलत.

मंदा जिन्यातच भेटली. गळ्यात पडली. फोटोत दिसतेस त्याच्यापेक्षा बारीक आहेस म्हणाली. गच्चीवर तिनं माझा हात सोडला नाही. सगळ्यांना सांगत होती, ही माझी येसरवाली. लोक डब्याचं झाकण उचलून वास घेत होते. सर म्हणाले, आज पहिला घास याचाच. खोटं सांगत नाही, तेवढा अर्धा तास मला फार बरं वाटलं.

सरांच्या घरच्या वहिनी पाणी घेऊन वर आल्या. बोलक्या होत्या. आपुलकीनंच विचारत होत्या.

"तुम्ही वडीगोद्रीच्या ना? आमचे पाव्हणे हायेत तिथं. तुमचं घर कुठशिक आलं?"

"बुद्धविहाराच्या मागं."

मी सहज सांगितलं. घर तिथंच आहे. वहिनी म्हणाल्या, अस्सं, बसा बसा. खाली गेल्या आणि जिन्यातून सरांना हाक मारली. सर जाऊन आले. मग डिझाइनवाल्याशी कठड्यापाशी उभं राहून काहीतरी बोलले. कोणी माझ्याकडं वाकडं पाहिलं नाही. कोणाचा आवाज चढला नाही. फक्त मंदानं माझ्या हातातला हात पदर सावरायला म्हणून काढून घेतला, तो पुन्हा आला नाही. मग पानं मांडली, आणि डबा फिरला.

माझ्या ताटात सगळ्यांनी भरभरून वाढलं. घ्या ताई, अजून घ्या ताई. माझ्या ताटात वाढायला कोणाला अडचण नव्हती. मी जेवले. नंतर ग्रुपचा फोटो निघाला. मला मधे उभं केलं. मी झाकण लावलं, कडी घातली आणि निघाले. घरी आल्यावर आमटी गरम केली, भाकरी टाकली आणि खाल्ली. चांगली झाली होती.

इथवरच झालं असतं तर मी गप्प बसले असते, असं आज वाटतं. असले डबे पहिल्यांदा फिरलेले नव्हते. पण ब्लॉगवाल्यांची एक रीत होती. मेळावा झाला की ज्यानं त्यानं आपल्या ब्लॉगवर वृत्तांत टाकायचा. पुण्या-मुंबईचे, परदेशातले वाचणारे त्याची वाट बघायचे आणि खाली प्रतिक्रियांत हळहळायचे.

पहिला वृत्तांत मंदाचा आला. लांबलचक, फोटोंसकट. मधे एक अख्खा परिच्छेद माझ्यावर.

"आमच्या ताईंच्या येसरानं तर पंगत जिंकली. डब्याचा तळ कधी दिसला, कळलंच नाही."

खाली परदेशातल्या कोणीतरी विचारलं होतं, आमच्यासाठी थोडं ठेवायचं ना. त्याला सरांनी उत्तर दिलं होतं की ठेवणार कुठून, बोटं चाटत राहिलो. डिझाइनवाल्यानं लिहिलं, चव अजून जिभेवर आहे.

मी ते दुकानात बसून वाचलं. बाहेर ट्रक जात होते. मला आधी राग आला नाही. आधी मला वाटलं, माझंच काही चुकतंय का. कोणी थोडी घेतली होती का. मग तेलाचा तो न मोडलेला थर आठवला.

मंदानं खाली मला विचारलं होतं, आवडला का गं वृत्तांत? सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी धन्यवाद टाइप केलं. एवढं एक बटण दाबायचं होतं. दाबलं असतं तर मंदा राहिली असती, संध्याकाळ राहिली असती, पुढच्या मेळाव्याचं आवतण राहिलं असतं. मी आणखी एक डबा नेला असता. त्यांनी तोही नुसता लिहून संपवला असता.

माझी आई गावच्या लग्नात जेवायला जाताना स्वतःचं ताट घेऊन जायची. मी तिच्यासोबत गेलेली आहे. मांडवाच्या बाहेर बसायचं, वरून टाकल्यासारखं वाढायचे. एक्क्याऐंशी-ब्याऐंशी साल असेल. तिला त्या लोकांनी लांब बसवलं, पण मांडीला मांडी लावून बसवलं असं नंतर गावभर सांगितलं नाही. अपमान केला तर तो अपमान म्हणून तिच्याकडं राहू दिला. माझ्याकडून यांनी तोही काढून घेतला. वर माझ्याकडून पावती मागत होते.

मी धन्यवाद पुसलं आणि माझ्या ब्लॉगवर माझा वृत्तांत लिहिला. फार मोठा नव्हता.

"मीही मेळाव्याला होते. येसराची आमटी नेली होती. ती कोणीही खाल्ली नाही. सगळी परत आणली. मी बुद्धविहाराच्या मागं राहते हे कळेपर्यंत सगळ्यांना ती खायची होती."

खाली पहिल्यांदा पूर्ण नाव लिहिलं. बापाचं, नवऱ्याचं, आडनाव, गाव, वस्ती. पत्रिकेवर टाकतात तसं.

सरांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. आवाज शांत, वर्गात शिकवतात तसा. म्हणाले, ताई, वृत्तांत हा शेवटी लेखनाचा प्रकार आहे, त्यात जरा रंगत आणावी लागते, तुम्ही ते शब्दशः घेतलंत. मी म्हटलं, रंगत आणा सर, पण माझ्या डब्याचं नाव घेऊन नको. मग ते म्हणाले की तुमच्यात ताकद आहे, तुम्ही तुमच्या लोकांचं दुःख लिहा, आम्ही सगळे आपापल्या ब्लॉगवर त्याचा वेगळा विभाग करू. फक्त ती नोंद काढा, बाहेरचे लोक वाचतात, जिल्ह्याचं नाव जातं.

"मी येसराबद्दल लिहिलं होतं सर. तुम्हीच ते दुःखात नेऊन ठेवलं."

फोन त्यांनी ठेवला.

मंदाचा संध्याकाळी आला. तिचा आवाज मी त्याआधी एकाच दिवशी ऐकला होता, तरी लगेच ओळखला. रडत होती.

"तू हे काय करून राह्यलीस? मी तर तुझं भलंच केलं. सगळ्यात जास्ती तुझ्यावरच लिहिलं."

"खाल्लं असतंस तर लिहिलं नसतंस तरी चाललं असतं."

"अगं, तिथं सगळे बघत होते. सरांच्या बायकोचं माहेर आमच्या नात्यात हाय. उद्या माझ्या सासूपर्यंत गेलं असतं. तुला काय सांगू. आपण दोघीच असतो ना, तर मी बिलकुल खाल्लं असतं."

ते खरं होतं. तिनं खाल्लं असतं. एकटीनं, दार लावून खाल्लं असतं, आणि मला ती माया वाटली असती. मला तिची कीवही आली. पण कीव आली म्हणून कोणाचं ऐकायचं नसतं.

"मला चारचौघांत खाणारी पाहिजे, मंदा. लिहिणारे लई हायेत."

"मंग बस एकटी."

"बसते."

आठवड्याभरात माझ्या ब्लॉगचे दुवे सगळ्यांच्या पानांवरून निघाले. कोणी भांडलं नाही. नुसतं एकेकाचं पान उघडायचं आणि बघायचं, आपण नाही. एका बिननावाच्या माणसानं माझ्या नोंदीखाली लिहिलं, सवलती पण पाहिजेत आणि आमची पंगत पण पाहिजे का. ते मी पुसलं नाही. तेही झालेलंच आहे, असू दे.

वस्तीतल्या पोरांना कुठून तरी कळलं. विहारात मला शाबास म्हणाले. कोणी वाचलेलं नव्हतं, त्यांच्याकडं तेव्हा नेट नव्हतं. काय लिहिलंय हे कोणी विचारलंही नाही. कोणाला तरी ठोकलं एवढ्यावर ते खूश होते. मुलगा पुण्याहून म्हणाला, आई, कशाला त्या लोकांच्या नादी लागतेस. त्याचंही बरोबर होतं. त्याला तिथं मित्र होते.

संध्याकाळ सगळ्यात वाईट जायची. शटर ओढायचं, कॉम्प्युटर चालू करायचा, आणि काहीच आलेलं नसायचं. हाताला सवय होती, मंदाचं पान उघडलं जायचं. ती जास्वंदीबद्दल लिहायची. चांगलं लिहायची. मी वाचायचे आणि बंद करायचे. तिच्या खाली मी एक अक्षर लिहिलं नाही, आणि माझी नोंद काढली नाही. लिहिणं थांबवलं नाही. वाचतंय कोण हे माहीत नसताना लिहायचं म्हणजे रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखं उभं राहायचं. जमतं. सवय होते.

आता नवे लोक आलेत. वाटूरकडचे, परतूरचे, जालन्याचे. मेळावे अजून भरतात, पंगती अजून बसतात. कोणालातरी माझं जुनं लिखाण सापडतं आणि मला आवतण येतं, की ताई, तुमच्यासारखी माणसं आमच्यात पाहिजेत. मी लगेच उत्तर देते. पूर्ण नाव लिहिते, राहते कुठं ते लिहिते, आणि विचारते की मी डबा आणला तर सगळ्यांच्या देखत खाणार का, हो का नाही तेवढं कळवा.

काहीजण लिहितात, असं मनावर घेऊ नका. काहीजण लिहितात, आमच्यात जातपात कोणी मानत नाही. बाकीचे काहीच लिहीत नाहीत. मी विचारलं होतं ते खाण्याचं. त्याला नुसतं हो म्हणणारं अजून कोणी भेटलेलं नाही. म्हणून मी गेलेले नाही. प्रश्न मी बदलणार नाही.