चार बोटं खाली

फोन दुपारी आला. मी आनंदनगरच्या आमच्या कंपनीत बॉयलरच्या तपासणीचे कागद बघत होतो आणि स्क्रीनवर लछमनभाईंचं नाव दिसलं. उल्हासनगरात माझ्या मित्राच्या, दत्ताच्या दुकानाला लागून त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान. ते मला कधीच फोन करत नसत. "नितीनभाई, आप निकलो... दत्ता बैठे बैठे गिर गया. हॉस्पिटल लाया है, पर..." मी पोहोचलो तेव्हा सुमनवहिनी बाकावर बसल्या होत्या, दत्ताची एक चप्पल हातात घेऊन. दुसरी दुकानातच राहिली होती. पन्नाशीला त्याला अजून सहा महिने होते.

दत्ता गेला त्याला आज पाच आठवडे झाले. दत्ताराम भोईर हा मोरिवलीचा, भातशेती करणाऱ्या घरातला. अंबरनाथच्या शाळेत आम्ही पाचवीपासून एका बाकावर. पुढे तो आयटीआयला गेला आणि गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं. मी इंजिनीअर झालो, ऑफिसर झालो. त्याचं हस्ताक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं आणि गणितही. आमच्या सोसायटीचा वॉचमन इंटरकॉमवर सांगायचा, "साहेब, तुमचा इलेक्ट्रिशियन आलाय," आणि मी नुसतं "पाठव" म्हणायचो. तो माझा मित्र आहे, हे सांगायला मला कधी सुचलं नाही. दत्तानं ते कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही.

माणूस गेल्यावर त्याच्या चांगुलपणाच्या गोष्टी निघतातच. त्याच्याही निघाल्या. मला मात्र एकच संध्याकाळ सांगायची आहे, जी मी घरीसुद्धा कधी पूर्ण सांगितली नव्हती.

चार वर्षांपूर्वी मी एक जुनी जीप घेतली. डोंगरातल्या वाटांवर चालवायची हौस. उल्हासनगरातच एका गॅरेजमधून ती चार इंच उचलून घेतली, खाली स्प्रिंगचे नवे पाटे, शिवाय मोठी टायरं. सोसायटीत उभी राहिली की मुलं भोवती जमायची. दत्ता बघायला आला, सगळीकडून फिरला आणि समोर उकिडवा बसून हेडलाईटकडे बघत राहिला. "गाडी वर गेली तशी लाईट बी वर गेली ना रं, नित्या. आदी ती खाली घे. समोरच्याला काय दिसनार नाय." मी म्हटलं, रविवारी येतो. तो रविवार गेला, पुढचे दोनही गेले. खरं सांगायचं तर तो झगझगीत उजेड मला आवडत होता. समोरचे लोक आपोआप बाजूला होत.

त्या दिवशी आम्ही दोघं बारवी धरणाच्या बाजूनं बदलापूरकडे परत येत होतो. दिवस मावळला होता, पुरता अंधार नव्हता. एका वळणावर समोरून स्कूटर आली. चालवणाऱ्यानं डोळ्यांवर हात आडवा धरलेला मला दिसला, मागे नऊवारीतली म्हातारी दिसली, आणि दुसऱ्या क्षणी स्कूटर रस्त्याच्या कडेला, खडीत. आवाज फार मोठा झाला नाही.

मी थांबलो नाही. वळण संपलं, आणखी थोडं पुढं गेलो. "आपला धक्का लागला नाही," मी म्हणालो. माझा आवाज अगदी शांत होता. दत्तानं हँडब्रेकवर हात ठेवला. "थांबव. नायतर मी वढतो."

आम्ही पळतच मागे गेलो. म्हातारीचा हात मनगटापाशी वाकडा झाला होता. चालवणारा तिचा मुलगा, त्याचं नाव संतोष असं नंतर कळलं, तिचं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होता. आम्ही चालत आलो म्हणून आम्ही वाटसरूच आहोत, असं त्याला वाटलं. "दादा, मदत करा! एक मोठी गाडी डोळ्यात लाईट मारून पळाली..." मी जीप आणायला धावलो. वळवून आणली, पण पुढचे मोठे दिवे बंद ठेवून. दत्तानं ते पाहिलं. म्हातारीला त्यानं दोन्ही हातांवर उचललं, कारण पायरी इतकी उंच होती की तिला चढताच आलं नसतं. तिला आत ठेवताना माझ्या कानाशी एवढंच म्हणाला, "लाईट का बंद केलीस?" मी दार लावून घेतलं.

बदलापुरातल्या हॉस्पिटलात नर्सनं विचारलं, कशा पडल्या? संतोषनं सगळं सांगितलं, पळून गेलेल्याला एक शिवी घातली आणि आमच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे दोघं देवासारखे आले." आजींनी स्ट्रेचरवरून चांगला हात माझ्या दिशेनं उचलला. मी तो धरला. धरावाच लागला.

मग बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं. दत्ता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. मी म्हटलं, आता सांगून काय उपयोग, उपचार तर चालू आहेत ना. तो म्हणाला, "मी नाय सांगनार. गाडी तू चालवत व्हतास." पेशंट येत होते, जात होते. माझी नोकरी, पोलीस, सोसायटी, बायकोचा चेहरा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं... संतोष एक्स-रे घेऊन बाहेर आला आणि मी उठलो. "ती गाडी माझीच होती," मी म्हणालो. त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं माझी कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. दत्ता जागचा हलला नाही. संतोषच थकून खाली बसला आणि रडायला लागला, तेव्हा कुठे दत्तानं त्याला पाणी आणून दिलं.

पोलिसांत जबाब झाला, जे व्हायचं ते रीतसर झालं. आजींच्या मनगटात प्लेट बसली.

दुसऱ्याच संध्याकाळी दत्तानं मला जीप घेऊन मोरिवलीत बोलावलं, एका बंद कारखान्याच्या भिंतीसमोर, जिथं जमीन सपाट होती. आधी टायरमधली हवा बघितली. रोजचं सामान गाडीत आहे ना, विचारलं. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवून दोन्ही दिव्यांच्या मध्याच्या उंचीवर भिंतीवर टेपच्या खुणा केल्या, मग पंचवीस फूट मागे घेतली. वजन पडावं म्हणून तो स्वतः माझ्या जागेवर बसला आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. एका दिव्यावर पोतं टाकून दुसरा लावायचा. वरचा स्क्रू पिळला की भिंतीवरचा उजेड हळूहळू उतरायचा. "खाली. आजून. खुनेच्या चार बोटं खाली आला पायजे. उंच गाडीला जास्त उतरावा लागतो." मी स्क्रू कधी जास्त पिळायचो, कधी कमी, उजेड टेपच्या खाली-वर होत होता. त्यानं घाई केली नाही, आणि हातही लावला नाही. दोन स्क्रूंचं काम. अर्ध्या तासात झालं.

तेराव्याला मोरिवलीच्या घरी अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. मी बसलो होतो, तर शेजारी संतोष येऊन बसला. मला धक्काच बसला. दत्ता गेली चार वर्षं त्यांच्याकडे जात होता, हे मला तेव्हा कळलं. "आईला बघायला यायचे. माझ्या स्कूटरची वायरिंग पण त्यांनीच केली." मग म्हणाला, "एकदा मी विचारलं, तुम्ही त्या दिवशी गप्प का बसलात? तर म्हणाले, अर्धा तास देनार व्हतो. नित्या नसता बोलला तर मीच उठलो असतो. आनि मंग आमची दोस्ती ऱ्हायली नसती. म्हणाले, आयुष्यात घड्याळाची तेवढी भीती कधी वाटली नाही."

मी इतकी वर्षं समजत होतो की त्याला माझी खात्री होती.

सुमनवहिनींनी दोघांना चहा दिला. संतोष म्हणाला, "जीप आणलीय? मग आईला भेटून जा. तुमचं नाव काढते ती." आम्ही निघालो. तो दत्ताच्या सीटवर बसला. चिखलोलीच्या पुढे अंधारायला लागलं, तसे मी दिवे लावले. समोरून दुचाकी येत होत्या, एकामागून एक, आणि आपल्या बाजूनं सरळ निघून जात होत्या. संतोष त्यांच्याकडे बघत होता. बदलापूर येईपर्यंत एकानंही डोळ्यांवर हात आडवा धरला नाही.