लाल चौकोन कुठं काढायचा

चारठाण्याची देवळं बघायला लोक गाड्या भरभरून येतात, मग आमच्या बारवेनं कुणाचं काय घोडं मारलंय, ही चर्चा पारावर लय दिवस चालली. शेवटी पर्यटनाचा आराखडा गावानंच करायचं ठरलं. शाळेपुढच्या मैदानात गावाचा नकाशा रांगोळीनं काढायचा. रांगोळी म्हटलं की पुढं मी. नकाशा पुरा झाला की तालुक्याहून आलेले साहेब मोबाइलवर फोटो काढणार आणि फोटोत असेल तेच वर जाणार.

देऊळ झालं, बारव झाली, पाहुण्यांना पिठलं-भाकरी खाऊ घालायची घरं झाली. प्रत्येकीनं आपलं घर जरा मोठंच काढलं. उरली गाड्या लावायची जागा. सरपंचांनी बाहेरूनच काठी रोखून सांगितलं, बारवेच्या उतारावर लाल चौकोन काढा.

माझा हात थांबला. त्या उतारावरून आमच्या शेजारणीच्या शेळ्या रोज पाण्याला जातात. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या शेळ्यांवरच चाललंय. ती बायकांच्या मागं उभी होती. सरपंचांनी तिच्याकडं न बघताच शेळ्या हापशावर न्यायला सांगून टाकलं.

“उन्हाळ्यात हापशाला पाणी न्हाई,” ती म्हणाली. “मग म्या शेळ्या इकू का?”

साहेब घड्याळ बघायला लागले.

अशा वेळी तरुणपणी मी काय केलं असतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. नवी सून असताना गावच्या सभेत सासरे खोकले की हात वर करायचा, एवढंच मला शिकवलेलं. एकदा त्यांना तंबाखूचा खरोखरच ठसका लागला आणि ही बावळट एकटीच हात वर करून बसली, तीही दारूच्या दुकानाच्या बाजूनं. वर ऐट अशी, की जशी तहसीलदारीणच. त्या बयेच्या हातात हा नकाशा असता तर चौकोन कधीच रंगवून झाला असता.

मी लाल रंगाची वाटी खाली ठेवली. शेजारणीला आत बोलावलं, तिच्या मुठीत पांढरी रांगोळी दिली आणि तुझी वाट तूच काढ म्हटलं. रेघ कुठं जाड, कुठं बारीक पडली, पण तिच्या गोठ्यापासून निघून थेट बारवेच्या पायरीला टेकली.

“पुसा ती रेघ, काकू,” सरपंच म्हणाले. “साहेबांना उशीर व्हायलाय.”

“माझे गुडघे दुखायलेत. तूच ये आत अन् पूस.”

काढलेल्या रांगोळीत आमच्याकडं गडीमाणूस पाय घालत नाही, आणि या रांगोळीत तर देऊळ होतं. सरपंचांनी चपला काढल्या. एक पाय उचलला. बायकांत त्यांची आई बसली होती. ती नुसती “लेका” म्हणाली. पाय मागं गेला, पण तोंड उतरलं. बायका पदराआड हसल्या.

तेवढ्यानं भागलं नाही. गाड्यांना जागा दाखवली नाही तर आराखडा परत येईल, असं साहेब म्हणाले आणि हसणं थांबलं. आता हसणाऱ्याच शेजारणीकडं डोळे वटारून बघायला लागल्या. भाकरीची घरं त्यांची होती. कुणीतरी पुटपुटलं, एकीच्या शेळ्यांपायी साऱ्या गावाचं नुकसान. शेजारणीनं हात झटकले आणि ती आपली रेघ आपणच पुसायला वाकली.

मी वाटी उचलली आणि आमच्या घरापुढच्या खळ्यावर लाल चौकोन काढला, चांगला ठसठशीत.

“आई, काय करायलीस तू?” माणसांतून माझ्या मुलाचा आवाज आला.

मी तिकडं बघितलंच नाही. साहेबांना म्हटलं, काढा फोटो.

मुलगा पुढं कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नाही. सुट्टीच्या दिवशी आता दारात गाड्याच गाड्या असतात. कुरडया गच्चीवर वाळवाव्या लागतात, आणि ताटं घेऊन वर चढताना सून पायरीगणिक मला ऐकवत जाते. मी बहिरी होते. या वयात ते जमतं. परवा परभणीच्या एक बाई शेळ्या बघून बारवेच्या कठड्याला चिकटून उभ्या राहिल्या.

“मारत न्हाई ती,” शेजारीण त्यांना म्हणाली. “जरा सरका, तिला पाणी प्यायचंय.”