करिमाचा केर

करिमाच्या घरी पाहुण्यानं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, की तो उठायच्या आत तांब्या घासून पालथा पडलेला असायचा. शेजारी राहून नऊ वर्षं मी हे बघितलं आणि नऊ वर्षं नवऱ्याचे टोमणे खाल्ले. "बघ, शिक जरा," म्हणायचा. त्याला काय जातंय बोलायला!

बारामतीत आमची एका ओळीत तीन घरं. पहिल्यात मालकीण द्वारकाबाई, मधल्यात करिमा आणि तिचा नवरा रसूल, शेवटच्यात मी, लीला. दर रविवारी द्वारकाबाई मधल्या घरात जायच्या, फळीवरून बोट फिरवायच्या आणि बोटाकडं बघून नाक मुरडायच्या. बोटाला काही लागलेलं नसायचं. पण नाक मुरडलं नाही तर मालकीण कसली?

यंदा रसूलनं इंदापुरात ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं स्वतःचं दुकान घेतलं आणि खोली सोडायचं ठरलं. तशी करिमानं पदर खोचला. चार दिवस नुसती घासपूस. खिडकीचे गज जुन्या टूथब्रशनं, पंख्याची पाती साबणाच्या पाण्यानं, ओट्यामागची तेलाची पुटं सुरीनं खरवडून. भिंतीतल्या खिळ्यांची भोकंसुद्धा तिनं चुना भरून बुजवली. मी म्हटलं, "अगं, घर सोडतीयास का नवरी सजवतीयास?"

त्याला कारण होतं. लग्नानंतरची पहिली भाड्याची खोली सोडताना टेम्पोच्या घाईत तिच्याकडून केर राहिला होता. त्या मालकिणीनं ते पुढच्या भाडेकरणीला सांगितलं. ती निघाली करिमाच्या नणंदेची मैत्रीण. आठ दिवसांत अख्ख्या भावकीत झालं, की रसूलची बायको उकिरडा ठेवून आली. तेव्हापासून करिमानं कानाला खडा लावला होता. आपल्या मागं कुणी असं पुन्हा बोलता कामा नये, एवढीच तिची जिवाची धडपड.

निघायच्या दिवशी सकाळी नऊला टेम्पो दारात लागला. सामान चढलं. आणि कपाट हललं की खालून जे निघायचं ते निघालंच: धूळ, केसांच्या पिना, एक गोटी, ज्वारीचे चार दाणे. आता शेवटचा हात मारायचा म्हणून करिमानं दारामागं हात घातला, तर केरसुणी गायब.

केरसुणी माझ्या घरात, गव्हाच्या पिंपामागं होती. सकाळी सातलाच द्वारकाबाई ती पदराखाली घालून माझ्याकडं आल्या होत्या. "लीला, ठीव ही. इचारलं तर मुकी हो."

"का ओ?"

"माणूस दाराभाईर पडताना घर झाडू न्हाय. पाऊल परत लागत न्हाय."

"अवो, माणूस गेल्यावर झाडू नये म्हणत्यात. ती तर जायच्या आधी झाडणार हाय."

"सामान टेम्पोत गेलं म्हंजी माणूस गेलंच!" त्यांनी नियम तिथल्या तिथं वाढवून घेतला. मग आवाज उतरला. "थोरली लेक नाशकाला गेली, तवा मागनं मीच घाईनं झाडलं. सहा वर्सं झाली. दिवाळीला फोन करती, येत न्हाय."

मी केरसुणी ठेवून घेतली. चूक माझीच.

करिमा आलीच. "लीलाताई, तुमची केरसुणी द्या जरा."

"अगं, माझी कालच मोडली." खोटं बोलायचं तर आधी मागं बघावं, एवढी अक्कल मला नाही. माझी केरसुणी पाठीमागं खिळ्याला छान लटकत होती. करिमा आत शिरली आणि तिला पिंपामागची स्वतःचीही दिसली. मला धरणी दुभंगावी असं झालं. दटावल्यावर मी द्वारकाबाईंचं नाव सांगून मोकळी झाले.

केरसुणी घेऊन ती तरातरा गेली. द्वारकाबाई मधल्या घराच्या उंबऱ्यात हात आडवे लावून उभ्या.

"मावशी, आलं ध्यानात! मी घाण ठिवून गेले, असं चार माणसांत सांगायचंय तुमाला, व्हय ना?"

"मेले, मी कशाला सांगू?"

"मग सरका."

"न्हाय सरकत. झाडलंस की तू पुन्हा हितं येत न्हाईस."

करिमाची केरसुणी हातातच राहिली. "मी येणार न्हाय, असं कुणी सांगितलं?"

"'येती' म्हणूनच जात्यात समद्या."

टेम्पोतून रसूलनं हॉर्न वाजवला. दोघींनी एकदमच त्याला "गप बसा!" म्हणून सुनावलं, त्यामुळं वातावरण जरा हलकं झालं. करिमा द्वारकाबाईंच्या हाताखालून वाकून आत शिरली. मग उंबऱ्यापासून झाडायला लागली, पण उलटी, बाहेरून आत. सगळा केर खोलीच्या मधोमध गोळा केला आणि त्यावर बांबूची पाटी पालथी घातली.

"केर घराभाईर गेला न्हाय. तुमचं बी ऱ्हायलं, माझं बी. मी आले की उचलीन. तवर पाटी काढायची न्हाय."

द्वारकाबाईंनी नाक मुरडलं. म्हणजे कबूल.

पंधरा दिवसांनी एमआयडीसीत नोकरीला लागलेला ऋतिक नावाचा मुलगा खोली बघायला आला. चांगला मुलगा हो, पण त्यानं पाटी उचलली. "आधीचे लोक घाण ठेवून गेले वाटतं?"

"घाण?" द्वारकाबाई कडाडल्या. "नऊ वर्सं ह्या फळीवरनं बोट फिरवलंय मी. एकदा, एकदा बोटाला धूळ लागली न्हाय! त्यो माझ्या लेकीचा केर हाय. ठीव पाटी खाली!"

पोरगं पाटी ठेवून जे पळालं, ते चप्पल रस्त्यात जाऊन घातली त्यानं.

महिन्यानं करिमा इंदापूरहून एसटीनं आली. द्वारकाबाई चहा टाकायला गेल्या, तेवढ्यात मी तिला सगळं सांगून टाकलं. मुकं राहणं मला एकदाही जमलेलं नाही. आधी ती चिडली. "तरी मी म्हणत हुते, लोक बोलणार!" मग "लेकीचा केर" ऐकून तिचे डोळे भरून आले. तिनं सुपलीत केर भरला, टाकून आली, फरशी पुसली. तिथंच चहा झाला आणि तिथंच बसून तिनं द्वारकाबाईंच्या चटणीसाठी पावशेर लसूण सोलला.

जायची वेळ झाली. मधोमध सालांचा ढीग. ती उठली आणि चप्पल घालायला लागली.

"अगं, सालं उचल की!" द्वारकाबाई ओरडल्या.

"ऱ्हाऊ द्या, मावशी," उंबऱ्यातून करिमा म्हणाली. "पुढल्या महिन्यात येणार हाय की मी."

मधली खोली अजून रिकामीच आहे. बघायला माणसं येतात. द्वारकाबाई त्यांना दारातूनच सांगतात, "जपून. सालांवर पाय देऊ नगा."